दारू शपथेने थांबवण्याआधी

संपादक महोदय,

रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून एका रात्रीत दारू बंद करायला लावायची, नाहीतर त्याच्या नकळत जेवणात ‘दारू सोडवणारी’ गोळी कालवायची, हे दोन उपाय घरचे लोक सर्रास करतात. त्यांची तळमळ खरी असते. पण दोन्ही उपाय जिवावर बेतू शकतात, आणि हे त्यांना आधी कुणी सांगितलेले नसते.

दारू मेंदूतली शांत करणारी यंत्रणा वाढवते आणि उत्तेजित करणारी दाबून धरते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखण्यासाठी उलट दिशेने जोर लावायला शिकतो. दारू अचानक थांबली की दाब जातो, जोर मात्र तसाच राहतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळ आणि धडधड सुरू होते, झोप उडते. आकडी येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना डिलिरियम होतो. आपण कुठे आहोत हे कळत नाही, नसलेली माणसे आणि किडे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. नेमके याच वेळी घरचे त्याला वेड लागले असे समजून खोलीत कोंडतात किंवा नाटक समजून दुर्लक्ष करतात. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही येतो, म्हणून लगेच रुग्णालय गाठायला हवे.

ज्याला सकाळी डोळे उघडताच घोट लागतो किंवा ज्याला पूर्वी दारू सोडताना आकडी आली होती, त्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकदम थांबूच नये. दर खेपेला त्रास आधीपेक्षा वाढू शकतो. डॉक्टर सहसा डायझेपामच्या गटातले, मेंदू शांत करणारे औषध देऊन पाच ते सात दिवसांत त्याची मात्रा उतरवत नेतात. यकृत बिघडलेले असेल तर औषध बदलावे लागते. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, हवेच. अशक्तपणा आला म्हणून नुसते ग्लुकोजचे सलाइन लावायचा आग्रह धरू नये. थायमिन संपलेल्या शरीरात ग्लुकोज गेले की उरलेसुरले थायमिनही खर्च होते, आणि स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. जाताना एका कागदावर लिहून न्या: रोज किती आणि काय पितो, शेवटचा पेला किती वाजता, पूर्वी आकडी आली होती का, इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत.

आता त्या चोरून दिलेल्या गोळीविषयी. ती बहुधा डायसल्फिराम असते. दारू पचताना तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड ती शरीरात साचवते. त्यावर दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो, आणि ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो सावध तरी कसा राहणार? शिवाय एकदा हे उघडकीला आले की तो घरात वाढलेल्या ताटाकडेही संशयाने पाहतो. हीच गोळी त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या तपासणीनंतर, ठरलेल्या वेळी जोडीदारासमोर घेतली तर खरोखर उपयोगी पडते. औषध तेच, पण तिथे दोघे एका बाजूला असतात.

बोलायचे ते तो प्यायलेला नसताना. ‘तू नेहमीच असा’ म्हणण्यापेक्षा एकच प्रसंग सांगा, त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला ते सांगा आणि पुढची पायरी सुचवा: ‘गुरुवारी डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर येते.’ जी मर्यादा पाळता येईल तीच घाला. त्याच्या कामावर खोटा निरोप देणार नाही, हे पाळता येते. ‘आता घर सोडून जाईन’ असे दहादा म्हणून न गेल्यास अकराव्यांदा त्याला अर्थ उरत नाही. मारहाण होत असेल तर मात्र हा संवादाचा प्रश्नच नाही. आधी सुरक्षित जागी जा. दारू सुटली की हात उचलणेही सुटेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

ब्राउन शुगरसारखी अफूजन्य नशा थांबवलेल्यांचा धोका वेगळा आहे. काही आठवड्यांच्या खंडानंतर शरीराची सवय मोडते. मग घसरण झाली आणि जुन्याच मात्रेइतका डोस घेतला, तर श्वास थांबू शकतो. उपचार केंद्रातून घरी पाठवताना हे रुग्णाला आणि घरच्यांना स्पष्ट सांगायलाच हवे.

दारू थांबल्यावर येणारी उदासी बऱ्याच जणांत दोन ते चार आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही टिकली तर नैराश्यावर स्वतंत्र उपचार लागतात. त्या काळात ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, घरातल्या साठवलेल्या गोळ्या आणि कीटकनाशके हलवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

आपले,
व्यसनोपचारात काम करणारे काही वाचक