सोमवारी नाटक, मंगळवारी मार्कंडा : मोहर्लीच्या गाइडताईंना आभारपत्र

ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या २२ जणांच्या गटाला तुम्ही भद्रावती, ताडोबा, वैनगंगेकाठचा देवळांचा मार्कंडा आणि चांदा (चंद्रपूर) असं चार दिवस फिरवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते कुठंच लिहिलेलं नाही. पत्र मात्र सगळ्यांसाठी खुलं ठेवतो आहोत. आम्ही सहली आखतो, गावोगावच्या महिला मंडळांना आणि निवृत्त शिक्षकांना घेऊन फिरतो. देऊळ आणि जंगल एकाच सहलीत घालणं सोपं वाटतं, पण तिथंच बहुतेकांचा घोळ होतो. तो कसा टाळायचा हे तुम्ही करून दाखवलंत, आणि हे काम करणाऱ्या इतरांपर्यंतही ते पोचावं अशी आमची इच्छा आहे.

सर्वात आधी वेळापत्रक. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, मंगळवारी बंद असतो. सहल आखणारे हा वार भाकड धरतात आणि बुधवार ते सोमवारातच सगळं कोंबतात. तुम्ही सहल नेमकी मंगळवारभोवती बांधलीत. रविवारी भद्रावती, सोमवारी सकाळी कोअरची सफारी, सोमवारी रात्री झाडीपट्टीचं नाटक, मंगळवारी मार्कंडा, बुधवारी पुन्हा सकाळची सफारी आणि दुपारनंतर चांद्याचा परकोट. कारण सांगितलंत तेव्हा पटलं. दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, नाटकं रंगतात, पण पडदा रात्री उशिरा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. दुसऱ्या दिवशी सफारी असेल, तर माणूस नाटकात पेंगतो आणि सफारीच्या उघड्या जिप्सीतही पेंगतो. नाटकानंतर मंगळवार आला की सकाळी दहापर्यंत झोपता येतं. त्या रात्रीचा मुक्कामही तुम्ही ताडोब्याच्या फाटकाशी, मोहर्लीत न ठेवता मूल गावाकडं ठेवलात, कारण चांदा-मूल रस्ता जंगलातून जातो. मध्यरात्रीनंतर त्यावर रोही (नीलगाय), रानडुकरं, कधी वाघही आडवा येतो, आणि दमलेल्या ड्रायव्हरच्या हाती बस द्यायची ती वेळ नव्हे. पौषातल्या थंडीत मांडवात बसायचं म्हणून प्रत्येकाला एक सतरंजी आणि एक घोंगडी आधीच सांगून ठेवलीत. ज्यांनी त्या आणल्या नाहीत, ते मध्यंतरातच उठून गाडीत जाऊन बसले. ऑर्गन-तबल्याच्या साथीनं समोर गाणारा नट त्यांचा हुकला.

नोंदणीत गट अडकतो तो बारीक गोष्टींत. एका जिप्सीत पर्यटक सहा, म्हणजे आमच्या २२ जणांना चार गाड्या. ज्या ओळखपत्रावर नोंदणी, तेच ओळखपत्र मूळ प्रतीत फाटकावर हवं. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालण्यात गेटवरची पहिली वीस मिनिटं जातात, आणि सकाळची ती वीस मिनिटं सोन्यासारखी असतात. तुम्ही आदल्या रात्रीच ओळखपत्रं गोळा करून गाडीनुसार चार पाकिटांत घातलीत, वर नावं लिहिलीत. मोबाइल कोअरमध्ये चालत नाही, म्हणून त्यांची वेगळी पिशवी. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. आमच्या भरलं.

बसण्याची जागासुद्धा तुम्ही विचारून विचारून ठरवलीत. जिप्सीची मागची ओळ चाकावर येते, गचके सगळ्यात जास्त तिथंच. कंबरदुखीची, मणक्याची तक्रार असलेल्यांना मधली ओळ, गुडघे न वाकणाऱ्यांना चढायला सोपी बाजू, ऐकायला कमी येणाऱ्या काकांना गाइडच्या थेट मागं. बाकी तीन गाड्यांवर पाळीनं आलेल्या गाइडभावांना हे फाटकावरच सांगितलंत. पहाटे साडेचारला चहा अर्धा कपच, कारण आत गेल्यावर वाटेल तिथं खाली उतरता येत नाही. सफारीच्या आदल्या रात्री झणझणीत सावजी रस्सा नाही, साधी भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी आणि भात. सावजी बुधवारी रात्री. पोट बिघडलेला एक माणूस अख्ख्या गाडीची सफारी घालवतो हे आम्हाला ठाऊक होतं, पण जेवणाचा क्रम त्यावरून लावायचा हे आम्ही आजवर केलं नव्हतं.

आता जंगलातलं. यासाठी तुमचे आभार किती मानावेत ते कळत नाही.

पहिल्या वळणावर धुळीत पंजा दिसला आणि चारही गाड्यांत कुजबुज सुरू झाली. तुम्ही इंजिन बंद करायला लावलंत आणि गाडीतूनच तो ठसा वाचून दाखवलात. चार बोटं आणि मागची रुंद गादी, नखं उमटलेली नाहीत. म्हणजे मांजरकुळातलं जनावर. रानकुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखं दिसतात. आकार चौकोनी असला तर बहुधा नर. लांबट आणि बोटं निमुळती असली तर मादी. मग ठशाच्या कडा पाहायला सांगितल्यात. कडा धारदार होत्या, पण आत बारीक बारीक खड्डे. रात्रभर झाडांवरून दंव टपकलं की धुळीवर असे खड्डे पडतात. ते ठशाच्या आतही दिसले, म्हणजे ठसा दंवाच्या आधीचा, रात्रीचा. पुढं शंभरेक पावलांवर दुसरा ठसा लागला, त्यात एकही खड्डा नव्हता आणि त्यावर टायरही गेलेला नव्हता. हा ताजा, पहिल्या गाडीच्याही नंतरचा. वाघ रस्ता का धरतो, तेही सांगितलंत. दंवानं भिजलेल्या गवतापेक्षा मऊ, कोरडी धूळ त्याला बरी वाटते, आणि तिच्यात पावलाचा आवाजही होत नाही. एवढं कळल्यावर पुढचे दोन तास सहाही जण रस्त्याकडं पाहत होते, आणि वाघ कधी दिसणार हे एकानंही विचारलं नाही.

नंतर ते येनाचं झाड. (पुस्तकात ऐन लिहितात, इकडं येन म्हणतात. साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते.) रस्त्याला लागूनच होतं. गाडी बुंध्याशी नेऊन तुम्ही म्हणालात, "वास घ्या जी, मग सांगा कशाचा." मागच्या ओळीतल्या आजी क्षणात म्हणाल्या, नव्या चिन्नोरचा (इकडच्या सुवासिक तांदळाचा) भात शिजतो आहे. तोच तो वास. वाघ शेपटी वर करून झाडावर जी फवारणी करतो, तिच्यात सुवासिक तांदळात असणारं द्रव्य असतं. रतनलाल ब्रह्मचारी या शास्त्रज्ञानं ते दाखवून दिलं. धानाच्या मुलखातल्या बाईला ते सांगावं लागलं नाही, हे तुम्हाला आधीच माहीत असावं.

जनावरांच्या इशाऱ्याच्या आवाजांच्या बाबतीत तुम्ही कडक होतात, ते फार बरं झालं. चितळ ओरडलं की नवखे गाइड गाडी पळवतात. चितळ रानकुत्र्यालाही ओरडतं, बिबट्यालाही, आणि कधी नुसत्या संशयानंही. शिवाय माजावर आलेल्या नराची आरोळी वेगळी असते. ती धोक्याची समजून धावलं की हाती काहीच लागत नाही. सांबराचा आवाज मोठा, भरदार, पत्र्यावर घाव पडावा तसा. तो एकदाच आला तर थांबायचं. एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा आला, आणि सोबत पाय आपटणं असलं, तर तिकडं जनावर आहे असं धरायचं. वानर उंचावर असतं म्हणून त्याची नजर पाहायची. ते खाकरतं कुठं यापेक्षा पाहतं कुठं हे महत्त्वाचं. पाच मिनिटं इंजिन बंद, बोलणं बंद. दोनच वेळा तुम्ही हा नियम लावलात आणि दुसऱ्या वेळी बांबूच्या बेटातून वाघीण निघाली. रस्ता ओलांडून ती पाण्याकडं गेली. पुढं गाडी घालून तिची वाट अडवायची नाही, हे तुम्ही ड्रायव्हरदादांना आधीच सांगून ठेवलं होतं. ती आम्हाला पूर्ण दिसली ती त्यामुळंच. वाट अडवली की वाघ झुडपात बसतो, मग कोणालाच काही दिसत नाही.

ताडोबा हे नाव कुठून आलं, तेही तलावाच्या काठीच सांगितलंत. तारू हा गोंडांचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला, तलावाकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथं भाविक येतात. मोहर्लीहून तलावाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचे दगडी खांब दाखवताना मात्र तुम्ही "गोंडराजांच्या काळचे म्हणतात, साखळी ओढून निरोप द्यायचे म्हणतात" असं म्हणालात. राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, अंधारी अभयारण्य १९८६ चं, दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प १९९५ चा, हे मात्र ठाम सांगितलंत. ऐकीव कुठलं आणि लेखी कुठलं यातला फरक वाक्यागणिक राखणारा गाइड आम्हाला फार क्वचित भेटतो.

कोअरभोवतीच्या, गावं असलेल्या बफरमधून येताना मोहाच्या झाडाखाली तुम्ही जे बोललात, ते गटातल्या शहरी पाहुण्यांच्या मनात घर करून आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं रात्री गळतात, म्हणून पहाटे अंधारातच वेचायला जावं लागतं. वाकून वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तीच आग जंगलात शिरते. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी पसरली तर पाला पेटवावा लागत नाही. वाघ पाहायला आलेल्यांना वाघाशेजारी राहणाऱ्या माणसांचं हे गणित सांगणं तुम्हाला कोणी लावून दिलं नव्हतं.

देवळांतही तुमची तीच शिस्त. भद्रावतीला विजासनच्या बौद्ध लेण्यात शिरल्यावर दोन मिनिटं कोणाला पुढं जाऊ दिलं नाहीत. डोळे अंधाराला सरावले तेव्हा लांबलचक बोळाच्या टोकाची बुद्धमूर्ती आपोआप दिसू लागली. मग विजेरी समोरून न धरता बाजूनं, कमरेच्या उंचीवर धरलीत. समोरून प्रकाश टाकला की दगड सपाट दिसतो, बाजूनं टाकला की झिजलेली बोटंसुद्धा उठून येतात. मार्कंड्याला हेच काम सूर्यानं केलं. वैनगंगा तिथं उत्तरवाहिनी होते. नदीकाठच्या त्या देवळांवरचं शिल्प भर दुपारी पाहिलं तर निम्मं हरवतं. दहाला उठलेला गट तिथं तीननंतर पोचला आणि तिरप्या उन्हात एकेक दागिना वेगळा दिसला. फरशी तापलेली असेल म्हणून जाड मोजे आणायला सांगितले होतेत, तेही कामी आले.

चांद्यात मात्र वेळ कमी पडला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चारही दरवाजे एका दुपारीत होत नाहीत. तुम्ही दोनच घेतलेत आणि उरलेला वेळ गोंडराजा बीरशहाच्या समाधीला दिलात. राणी हिराईनं नवऱ्यासाठी बांधलेली ही समाधी बायका फार वेळ पाहत उभ्या होत्या.

एक गोष्ट आम्ही यापुढं प्रत्येक सहलीत करणार आहोत. चार गाड्यांपैकी दोघींना वाघीण दिसली, दोघींना नाही. अशा संध्याकाळी गटात रुसवा येतो. तुम्ही रात्री सगळ्यांना गोल बसवून प्रत्येक गाडीला तीन गोष्टी सांगायला लावल्यात आणि वाघ शेवटी. ज्यांना वाघ दिसला नव्हता त्यांनी अस्वलानं फोडलेलं वारूळ सांगितलं, मासा धरून बसलेलं मत्स्यघुबड सांगितलं, भुताचं झाड म्हणतात त्या कांडोळाची पांढरी साल सांगितली. वाघीण पाहिलेल्या गाडीतले लोक, घुबड कुठं होतं ते विचारत राहिले. बुधवारी तुम्ही गाड्यांची माणसं बदललीत, ते बरोबरच होतं.

गट आणणाऱ्यांना आमची एक विनंती. गाइडचं फाटकावरचं मानधन हे एका सफारीचं असतं. देवळाचा दिवस, नाटकाची रात्र, मूलचा मुक्काम यांचा हिशेब वेगळा करा आणि तो आधी ठरवा. ताईंनी स्वतःहून मागितलं नाही, म्हणून लिहितो आहोत.

ताई, तुमची विजेरी आमच्या सामानात आली होती. नवे सेल घालून ती मोहर्लीला जाणाऱ्या ड्रायव्हरदादांकडं दिली आहे. पुढचा गट माघात येतो, १८ जणांचा, तीन गाड्या. त्यात दोघी काठी घेऊन चालतात, त्यांना मधली ओळ हवी. सोमवारी नाटक कुठल्या गावात आहे तेवढं कळवा, म्हणजे मुक्काम ठरवू.

आपल्या ऋणात,
सहल गटाचे संयोजक