पोरी, कराराच्या कालवडींबद्दल

पोरी,

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला कागद वाचला, मोठा करून करून सगळा वाचला. नोकरी सोडून विट्याला यायचं, त्या मोठ्या गोठ्याच्या वीस कालवडी आपल्या शेडमध्ये सांभाळायच्या, जनावर त्यांचं, चारा-खुराक-मजुरी आपली आणि जनावरामागं रोजचे ठरलेले पैसे महिन्याला खात्यावर. पप्पा तर लगेच खूश, महिन्याला पैसे म्हटल्यावर कोण होणार नाही. तू परत येणार ह्याचा मला त्याहून जास्त आनंद आहे. पण हा कागद आहे तसा सही करू नको. फोनवर तू घाईत असतेस म्हणून लिहून पाठवते.

दुसऱ्याची वासरं सांभाळणं आपल्याकडं नवीन नाही. तुझी आज्जी अर्धलीनं सांभाळायची, पाडी मोठी झाली की चार माणसांत किंमत करायची आणि निम्मे पैसे वाटून घ्यायचे. पैसा उशिरा यायचा पण जनावर जेवढं वाढलं त्यात आपला वाटा असायचा. तुझ्या कागदात तोच नाही. तीन महिन्यांच्या वासराला जो रेट तोच वर्षाच्या कालवडीला. लहानपणी ते मूठ-दोन मूठ काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा सुरुवातीचा खुराक खातं, वर्षाची झाली की तिला दीड-दोन किलो खुराक, बारा-पंधरा किलो हिरवा चारा आणि वर कडबा लागतो, म्हणजे तू जेवढं चांगलं वाढवशील तेवढं तुझ्याच खिशातून जाणार. मग माणूस आपोआप चारा कमी टाकायला लागतो आणि शेवटी बोल जनावराला लागतो. म्हणून पैसे वाढलेल्या वजनावर माग. एचएफ (होल्स्टीन) संकर कालवड रोज अर्धा किलोच्या पुढं वाढायला पाहिजे, तेव्हा कुठं पंधरा-सोळा महिन्यांत अडीचशे किलो होऊन गाभण करायला येते. वजन त्यांचा माणूस एकटा करणार असेल तर चालायचं नाही. तू पण टेप घेऊन उभी राहा, छातीचा घेर आणि अंगाची लांबी इंचात घे, घेराचा वर्ग कर, लांबीनं गुण आणि ६६० नं भाग, किलोत अंदाज येतो. घेर ५० आणि लांबी ४६ असली तर १७४ किलो.

आता वासराच्या वयाचं. कागदात "जन्मलेल्या आठवड्यापासून" लिहिलंय ते आधी काढायला लाव. अगदी लहान वासराचं नशीब पहिल्या दोन तासांत ठरतं, चीक पोटभर मिळाला का, नाळेला आयोडीन लावलं का, आणि ते सगळं त्यांच्या गोठ्यात होणार, तुझ्या डोळ्याआड. तिथं हयगय झालेलं वासरू गाडीत घालून तुझ्याकडं आलं की चौथ्या दिवशी हगवण लागते. तू लहानपणी बघितलंयस मी काय करते, वासराच्या तोंडात बोट घालायचं, तोंड गार लागलं आणि बोट ओढेना झालं की समजायचं गडबड आहे, मग मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची, ती लगेच बसली नाही की पाणी कमी झालंय, डॉक्टर येईपर्यंत मीठ-साखरेचं कोमट पाणी चालू ठेवायचं. हे रात्री दोनला उठून करावं लागतं. आणि दूध? तीन महिन्यांत एक वासरू दोन-सव्वादोनशे लिटर पितं, तीस रुपयांनी धर, सहा हजारांच्या वर गेलं. त्या रेटमध्ये हे कुठंच बसत नाही. दूध तुटलेल्या, तीन महिन्यांच्या पुढच्या कालवडीच घ्यायच्या.

मेलं तर कुणाचं, हे पण कागदात गोल गोल लिहिलंय. 2022 ला लंपी रोगाची साथ आली तेव्हा सरकारनं गाईला 30,000 आणि वासराला 16,000 मदत दिली, ती जनावर ज्याचं त्याला. सांभाळणाऱ्याचा चारा, औषध, रात्रीची जागरणं ह्याचं कुणी विचारत नाही. विमा कोण काढणार, कानातला बारा अंकी बिल्ला कुणाच्या नावावर, जनावर मेलं तर तोपर्यंतच्या वजनाचे पैसे मिळणार का, हे स्पष्ट लिहून घे. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची, म्हणजे गाभ पाडणाऱ्या रोगाची लस एकदाच असते, ती कोण टोचणार तेही. आणि बाहेरची जनावरं आपल्या शेडमध्ये येणार म्हणजे लाळ्या खुरकूत आलाच समज, आपल्या दुभत्या गाईंपासून त्यांना तीन आठवडे लांब, वेगळ्या बादल्या, वेगळा माणूस, नाहीतर त्यांच्या कालवडी सांभाळायच्या नादात आपलं डेअरीचं दूध जायचं.

डिपॉझिट मागितलं तर मात्र बोलणंच बंद कर. 2019 ला इस्लामपूरकडं कडकनाथ कोंबड्या पाळायच्या योजनेत लोकांनी आधी पैसे भरले आणि नंतर माल न्यायला कुणी आलं नाही, आपल्या जिल्ह्यात घडलंय ते.

माझं मन विचारशील तर आपल्या गाईंच्या चार-पाच पाड्या आपणच वाढवाव्यात, सेक्स सॉर्टेड सीमेन (पाडीच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य) भरलं की शंभरात नव्वद पाड्या होतात, आणि गाभण कालवड बाजारात आपण सांगू त्या भावानं जाते, कुणी रेट ठरवत नाही. पण त्याला दोन वर्षं खिशात पैसे येत नाहीत हे पण खरंय, तुझं पुण्याचं कर्ज अजून फिटायचंय. म्हणून कराराच्या दहाच घे, वीस नको. महिन्याच्या पैशात घरचा खर्च चालेल आणि आपल्या पाड्या निवांत मोठ्या होतील. टेंभू योजनेचं पाणी आहे तोवर मका करून मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) भरू, ऊसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर वाढवायच्या म्हणशील तर नाही, वाढ्यानं कॅल्शियम कमी पडतं, हाडं धरत नाहीत.

शेडची पलीकडची बाजू वेगळी करायला गवंड्याला बोलावलंय, अंदाज घेऊन कळवते. तोवर त्यांना होकार देऊ नको, आधी वजनाचा रेट आणि मरतुकीचं कलम बदलून नवा कागद मागव, आणि येताना त्याची प्रिंट काढून आण, पप्पांना मोबाईलवर दिसत नाही.

तुझी आई