३१ नंबरच्या घरातून, काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले तर तुम्ही ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलाल. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या वाचनालयात तुमच्या टेबलाशी मी पहिल्यांदा आले, तेव्हा मला एवढंच हवं होतं: आम्ही घेतलेल्या या लाल विटांच्या घरात आधी कोण राहत होतं? टेरेस हाउस म्हटलं की आपल्याला गच्ची आठवते. इथे ती सामाईक भिंतींची, एकाच रांगेतली घरं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना १८४३ मध्ये इथे सुरू झाला आणि १९८६ मध्ये बंद पडला. मधल्या काळात त्याच्या आसपास अशा रांगांवर रांगा उठल्या. आमची त्यातलीच एक.

मी १९११ च्या खानेसुमारीत आमच्या रस्त्यावरचा ३१ नंबर काढला. एक शिंपी निघाला. त्याच्याबद्दल वहीत चार पानं लिहून तुम्हाला दाखवायला आणली, तर तुम्ही ती शांतपणे वाचलीत आणि म्हणालात, “हा तुझा नव्हे. नंबर बदलतात. शेजारी बघ.” परळच्या चाळीत वाढलेल्या तुम्हाला ते लगेच दिसलं. चाळीत कोणाकडे जायचं असेल, तर अमक्याच्या पलीकडची खोली असंच विचारायचं, असं तुम्ही सांगितलंत.

त्यानंतर सात शनिवार तुम्ही मला रस्त्याने चालायला शिकवलंत, कागदावर. कोपऱ्यावरचं पब तेव्हाही होतं, आजही आहे, तिथून मोजायचं. गावाच्या जुन्या डिरेक्टरीत, म्हणजे रहिवाशांच्या छापील यादीत, घरं ओळीने येतात आणि मध्ये दुसरा रस्ता छेदून गेला की तसं छापलेलं असतं. पंचवीस इंची नकाशावर, म्हणजे मैलाला पंचवीस इंच अशा मापाच्या, एकेक घर आणि मागचा बोळसुद्धा दिसतो. दोन्ही जुळवल्यावर पबपासून चौथं घर, म्हणजे आमचं, त्या काळी १७ नंबरचं होतं.

तिथे कारखान्यातला एक बॉयलरमेकर, म्हणजे बॉयलर बनवणारा कारागीर, राहत होता. १९११ चा फॉर्म कुटुंबप्रमुखाच्या स्वतःच्या अक्षरात असतो, हे मला तुमच्यामुळे कळलं. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती, गेली किती, हे सगळं त्यात विचारलेलं. मुलांपुढे त्याने लिहिलं होतं: चार, दोन, दोन. मी बराच वेळ त्या आकड्यांवरच अडकून बसले होते. तुम्ही काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केलीत. १९२१ मध्ये त्याच घरात एक नवी मुलगी आली होती, वय चार वर्षं तीन महिने. त्या वर्षी नोकरी देणाऱ्या मालकाचं नावही विचारलं होतं, आणि रांगेत घरामागून घर तेच: ग्रेट वेस्टर्न रेल्वे.

पुढे मात्र वाट तुटते. १९३१ ची खानेसुमारी १९४२ च्या आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. मी वही मिटत होते. तुम्ही २९ सप्टेंबर १९३९ ची नोंदवही उघडायला लावलीत, ज्यावरून लोकांना ओळखपत्रं दिली गेली ती. १७ नंबरात ती मुलगी होती, आता बावीस वर्षांची. तिचं आडनाव खोडून वर दुसरं लिहिलेलं. “लग्न झालं की असं दुरुस्त करत,” तुम्ही म्हणालात, “हे आडनाव आता तुझ्या रस्त्यावर कोणाचं आहे का?”

नव्हतं. पण तीन घरं सोडून राहणाऱ्या आजींचं माहेरचं आडनाव तेच निघालं.

आजी लहान असतानाच त्यांची आई गेली. वडील तो विषय काढत नसत. एका जुन्या पाकिटावर आईच्या माहेरचा पत्ता होता, १७ नंबर. लग्नानंतर आजी याच रस्त्यावर राहायला आल्या आणि इतकी वर्षं आजच्या १७ नंबरच्या दाराकडे बघत जात राहिल्या. त्यांचं खरं आजोळ आमचं घर होतं.

परवा त्या आल्या. आधी दारातच उभ्या राहिल्या. मग जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून हळूहळू वर गेल्या, आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून बोळाकडे बघत राहिल्या. १९११ च्या फॉर्मची प्रत मी हातात दिली, तेव्हा आजोबांचं अक्षर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्या शेवटच्या ‘दोन’वर त्यांनी बोट ठेवलं. आईला तिच्या जन्माआधीच गेलेली दोन भावंडं होती, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

काकू, मी त्या शिंप्याची गोष्ट घेऊन खुशाल घरी गेले असते. तुम्ही जाऊ दिलं नाहीत, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

येत्या शनिवारी आजी पुन्हा येणार आहेत, पाकीट घेऊन. त्यांना तुम्हाला भेटायचं आहे. पुरणपोळ्या करते आहे, लवकर या.

तुमची,
पबपासून चौथ्या घरातली