सई, तुझ्या पाच प्रश्नांबद्दल

प्रिय सई,

रविवारी रात्री तू व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे गुंतवण्याबद्दल धडाधड पाच प्रश्न टाकलेस आणि मी नुसतं 'उद्या सांगते' म्हणाले, कारण दोन ओळीत सांगण्यासारखं ते नव्हतंच. आज दुपारी निवांत बसलेय, लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

'एक नंबरचा म्युच्युअल फंड कुठला?' अगं, त्याआधी हे पैसे तुला लागणार कधी ते ठरव. महिन्याला बारा हजार उरतात म्हणतेस, त्यातले पुढच्या वर्षी फीला लागणार असतील तर ते बाजारात नकोतच, सरळ आरडी कर. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला होता आणि ऑक्टोबरात नऊ हजारांच्या खाली आला, आणि २०२० मध्ये तर जानेवारीतल्या ४२ हजारांवरून मार्चमध्ये २६ हजारांच्या आत. दोन्ही वेळा पुन्हा वर चढला, पण ज्यांना थांबता आलं त्यांनाच त्याचा उपयोग, ज्यांची मधेच फी भरायची होती किंवा लग्न होतं त्यांनी पडलेल्या भावात विकलं. म्हणून सात-आठ वर्षं हात लावायचा नाही असेच पैसे इकडे टाक. आणि एक नंबरची यादी म्हणशील तर ती दरवर्षी बदलते, तू सुरुवात निफ्टी ५० च्या साध्या इंडेक्स फंडाने कर, तो निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचेच शेअर घेतो, त्यात मॅनेजरची हुशारी ओळखत बसायला लागत नाही.

पाच-सहा फंड घेऊ नकोस. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाने लार्ज कॅप म्हणजे बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या, मग तीन लार्ज कॅप फंड घेतलेस तरी आत बऱ्याचशा त्याच कंपन्या, फक्त स्टेटमेंट तीन. दोन फंड बास.

एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, दहा रुपये म्हणून नवा फंड स्वस्त, हे तुझ्या मैत्रिणीने सांगितलेलं चूक आहे. दहा हजारांत दहाच्या एनएव्हीला हजार युनिट येतील, पाचशेच्या एनएव्हीला वीस येतील, दोन्ही दहा टक्के वाढले तर दोन्हीकडे अकरा हजारच होणार ना!

डायरेक्ट (फंड कंपनीकडून थेट) की रेग्युलर (एजंटमार्फत), तर डायरेक्ट. जानेवारी २०१३ पासून ही सोय आहे, फंड तोच, मॅनेजर तोच, फक्त मधल्या माणसाचं कमिशन तुझ्या पैशातून जात नाही. एक टक्क्याने काय होतंय असं वाटेल, म्हणून मी हिशोब करून बघितला, महिना दहा हजार, पंचवीस वर्षं, वर्षाला १२ टक्के वाढ धरली तर साधारण १ कोटी ९० लाख होतात आणि कमिशन जाऊन ११ धरले तर १ कोटी ५९ लाख. एवढे मिळतीलच असं नाही, पण फरक बघ, तीस लाख गं.

आता शेअर. इथे मला जास्त बोलायचंय.

माझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही तुला आठवते का, कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली असायची? त्यात मी तारीख, नाव, नग, भाव आणि 'का घेतला' असे रकाने पाडलेत. डिसेंबर २००७ ची एक ओळ आहे, एक छोटी बांधकामातली कंपनी, १०० नग, भाव ४१२, आणि शेवटच्या रकान्यात माझ्याच अक्षरात 'ऑफिसातले सगळे घेतायत.' वर्षभरात तो शेअर ३८ वर आला आणि मी विकला नाही, म्हटलं ४१२ झाला की विकू. तो झालाच नाही, पुढे कंपनीचं लिस्टिंगच गेलं, म्हणजे बाजारात तो विकायची सोयच राहिली नाही. ते ४१ हजार तुझ्या बाबांनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ठेवले होते, मग दोन पावसाळे आपण बादल्या लावून काढले. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून शेअर घेण्याआधी 'का' लिही. आणि नुसता नफा बघू नकोस. आजोबांचं कराडचं किराणा दुकान आठव, वहीवर विक्री भरपूर, नफाही दिसायचा, पण माल उधारीवर जायचा आणि संध्याकाळी गल्ल्यात जेमतेम चिल्लर. कंपनीचंही तसंच असतं. वार्षिक अहवालात कॅश फ्लोचं पान असतं, त्यात धंद्यातून खरी रोकड किती आली ते बघ, चार-पाच वर्षं नफा वाढतोय पण रोकड येत नाही तर उधारी कुठेतरी तुंबलीय समज. मग कर्ज बघ, प्रमोटरने, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकाने, स्वतःचे शेअर गहाण ठेवलेत का ते बघ, हे सगळं फुकट बघायला मिळतं. तरीही फसगत होऊ शकते, सत्यम या आयटी कंपनीत ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनीच कबूल केलं की ताळेबंदातली पाच हजार कोटींच्या वरची रोकड मुळात नव्हतीच. त्यामुळे एका कंपनीत एकूण पैशाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको, कितीही खात्री वाटली तरी.

शेवटचा प्रश्न तू घाबरत विचारलास, रूममेट ऑप्शन्समध्ये (शेअरचा भाव पुढे चढेल की पडेल यावरचे सौदे) रोज कमावते म्हणून. नको सई. सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशोब काढला, फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० सामान्य माणसांमागे ९३ जणांचा तोटा, मिळून १.८ लाख कोटींच्या वर. ती तुला फायद्याच्या दिवसाचाच स्क्रीनशॉट दाखवते, तोट्याच्या दिवशी ती गप्प असते का ते एकदा आठवून बघ. तुला रागवत नाहीये, पण तुझे महिनाभराचे कष्ट दहा मिनिटांत गेलेले मला बघवणार नाहीत.

अजून एक, डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) आणि फंड दोन्हीकडे नॉमिनी, म्हणजे तुझ्यामागे पैसे कुणाला मिळावेत त्याचं नाव, भर. आजोबांचे कागदी शेअर सोडवताना सही जुळत नाही म्हणून मी आणि बाबांनी किती हेलपाटे घातले ते तू बघितलंयस. आजच भर आणि झालं की मला कळव.

गणपतीला येशील तेव्हा निळी वही काढून ठेवते. तुझ्यासाठी पण एक कोरी आणलीय, रकाने तू पाड.

तुझी,
आई