ओसाकाची दमट हवा आणि बाबांचं सूत

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर 'जेवलीस का, झोप लागली का' यातच वेळ जातो आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

इथला विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे. बाहेर पाऊल टाकलं आणि हवा अंगाला चिकटलीच. पावसाळा नुकताच सरलाय. आपल्याकडचा ऑक्टोबरचा उकाडा यापुढे बरा. सकाळी उजाडल्या उजाडल्या झाडांवर सिकाडा किडे असे कर्कश ओरडतात, की गजर लावावा लागत नाही. दुपारी मात्र ते गप्प होतात. प्रत्येकाकडे घाम टिपायला छोटा टॉवेल असतो, पुरुषसुद्धा उन्हाची छत्री घेऊन चालतात. आई, मीही एक छत्री घेतली, आता काळजी करू नकोस.

मी राहते तिथून तेन्जिनबाशिसुजीचा बाजार जवळ आहे. अडीच किलोमीटरहून लांब गल्ली, वर सलग छप्पर, दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. आई, तुला इथे दिवस पुरणार नाही. भाजीवाला गिऱ्हाइकांना मोठ्याने हाका मारतो, म्हाताऱ्या बायका सायकलच्या पुढच्या टोपलीत कांद्याची पात घालून गर्दीतून अलगद वाट काढतात, आणि संध्याकाळी दुकानदार दारासमोर पाणी शिंपडतात. त्या ओल्या दगडांचा वास आला की बरं वाटतं. जेवणाचं म्हणशील तर बांगड्याच्या जातीचा 'साबा' मासा मीठ लावून भाजलेला मिळतो, सोबत भात. मसाला नाही, पण मासा ताजा. सातूचा थंड चहा दिवसभर पिते.

बाबा, आता तुमच्यासाठी. इथल्या दहा हजार येनच्या नव्या नोटेवर उद्योजक शिबुसावा एइइची यांचं चित्र आहे. त्यांच्या पुढाकाराने १८८३ साली इथे ओसाका बोसेकी ही सूतगिरणी सुरू झाली. सूत कातायच्या साडेदहा हजार चात्या, वाफेवर चालणाऱ्या. पुढे १८८६ मध्ये विजेचे दिवे लागले आणि रातपाळीही जोरात चालू झाली. आणि कापूस कुठला? काही वर्षांतच आपल्या मुंबईचा येऊ लागला! बोटींचं भाडं फार पडायचं, म्हणून जमशेटजी टाटा आणि शिबुसावा यांनी मिळून खटपट केली आणि १८९३ मध्ये जपानी बोटींची मुंबई फेरी सुरू झाली. कापसाच्या गासड्या इथून जवळच कोबे बंदरात उतरायच्या.

ती गिरणी होती त्या संगेनया भागात रविवारी जाऊन आले. एका छोट्या बागेत स्मारकाचा दगड आहे, आजूबाजूला साधी वस्ती. लोकं बाकावर बसून वारा घेत होती. चिमणी नाही, भोंगा नाही. मी तिथे उभी राहिले आणि तुमचं बोलणं आठवलं, की हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून तुमच्या गिरणीच्या खात्यात मुद्दाम ओल ठेवायची आणि माणसं घामाने निथळायची. या हवेत माझा जीव नकोसा होतो, आणि तुम्ही असल्या हवेत, कापसाच्या तुसात, पाळीमागून पाळी काढलीत. घरी आल्यावर कधी त्याचं बोलला नाहीत. इतकी वर्षं मला ते नीट कळलंच नव्हतं, बाबा. त्या दगडापाशी तुमचा फार अभिमान वाटला.

दगडाचा फोटो सोबत पाठवते. कोबेलाही जाऊन बंदर बघणार आहे. तुमच्या स्पिनिंग खात्यातल्या मित्रांनाही फोटो दाखवा. आणि एक करा: तुमच्या खात्यात कुठल्या यंत्रावर काय काम चालायचं, ते मला वहीत लिहून ठेवा, आईने शेजारी बसून आठवण करून द्यावी. मी आले की आपण ते सगळं वाचू.

दोघांनी औषधं वेळेवर घ्या.

तुमची लेक