ऑपरेशन, मेथीचा वाफा आणि पुण्याची तिकिटं

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज बदलतो, बाबा गप्प होतात आणि मग मीच दुसरं काहीतरी बोलायला लागतो. म्हणून लिहितोय. पुन्हा बेसबॉल खेळता यावं म्हणून कोपराचं ऑपरेशन करायचं मी ठरवलंय. १७ जून ही तारीखही घेतली, कागदांवर सह्या झाल्या. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर तुम्ही "हो" म्हणाला असतात आणि रात्रभर जागत बसला असतात.

कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलंय. त्या जागी मनगटातली एक कंडरा काढून बसवतात. बाबा, अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट जरा आत वाकवा. मधोमध दोरीसारखी वर येते ना, तीच. तिच्यावाचून हाताचं काही अडत नाही, कित्येकांना ती जन्मतःच नसते. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर, म्हणजे बेसबॉलमधल्या बोलरवर, हे पहिल्यांदा केलं आणि तो पुढे १९८९ पर्यंत खेळला. चार-पाच महिन्यांनी मी हलके थ्रो सुरू करेन, पूर्ण पिचिंगला वर्ष-दीड वर्ष. म्हणजे पुढचा हंगाम बाकावर. पदवी ठरल्याप्रमाणे मे महिन्यातच होईल. मग इथेच एक वर्षाचं मास्टर्स आणि त्या वर्षी शेवटचा हंगाम. कॉलेज खेळांच्या डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते हे माहीत असूनही तुम्ही मला इथे पाठवलंत. त्या जादा वर्षाची अर्धी फी मी शिकवण्या घेऊन भरणार आहे.

लपवत नाही, नुसतं लिहायला आणि गाडी चालवायला ऑपरेशनची गरज नाही, असंही डॉक्टर म्हणाले. मग कशाला?

बाबा, तुम्ही अंगणात टेपने ४६ फूट मोजून रंगाच्या पालथ्या बादलीवर बसायचात. क्रिकेटच्या कांगा लीगमध्ये चिखलात बोलिंग केलेले तुम्ही, पहिला सगळा उन्हाळा "कोपर वाकवू नकोस" म्हणत होतात. मग टीव्हीवर पिचर बघून बघून एक दिवस स्वतःच हात वाकवून भिंतीवर चेंडू मारत होतात. मी खिडकीतून बघत होतो. मोठ्यांचं अंतर ६० फूट ६ इंच झालं तेव्हा अंगण पुरेना आणि प्लेट, म्हणजे बॅटरची जागा, नेमकी मेथीच्या वाफ्यात गेली. आईने एक शब्द न बोलता वाफा हलवला. आई, त्याबद्दल मी कधी काही बोललोच नाही तुझ्याशी.

आणि २०१६ च्या वर्ल्ड सिरीजची ती शेवटची, सातवी मॅच. आदल्या दिवशी भाऊबीज झालेली. आपल्या क्लीव्हलँडच्या राजाय डेव्हिसने होमरन मारून ६-६ केलं तेव्हा बाबांनी मला उचललं आणि चिवड्याचा डबा कार्पेटवर उपडा झाला. मग सतरा मिनिटं पाऊस. आईने दूध गरम करून आणलं. ८-७ ने हरलो, मी उशीत तोंड खुपसून रडलो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर बाबा दोन्ही ग्लव्ह घेऊन अंगणात उभे. अंधार पडून चेंडू दिसेनासा होईपर्यंत आपण टाकत होतो. मला त्या खेळातून दुखतंय म्हणून बाहेर पडायचं नाहीये. एक हंगाम नीट खेळून मग स्वतःहून थांबायचंय.

आई, पहिला आठवडा कोपर काटकोनात बांधलेलं असेल. डाव्या हाताने जेवायचं नाही हे आजीचं शिकवणं लक्षात आहे, पण आतापासून सराव करतोय, डाव्या हाताने चमच्याने वरणभात जमतो. पहिल्या दिवशी ताटाबाहेर सांडला, काल नाही सांडला. रूममेटला कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायला शिकवल्यात. मेतकूट अजून अर्धी बरणी आहे. ऑपरेशनला तुम्ही दोघं या, चार दिवस राहा, डोक्यावर तेल घाल माझ्या. त्याहून जास्त नको.

कारण ऑक्टोबरची पुण्याची तिकिटं रद्द करायची नाहीत. माझी पदवी झाली की जाऊ, असं म्हणत तुम्ही तीन वर्षं काढलीत आणि आता मी आणखी एक वर्ष वाढवतोय. ते मला झोपू देत नाही. आत्याने फ्लॅट झाडून ठेवलाय. तुम्ही जा.

जाण्याआधी कार्डिऑलॉजिस्टकडे जाऊन या. बाबांच्या गोळ्या सहा महिन्यांच्या घ्या, अर्ध्या हँडबॅगेत ठेवा. बाबा, पर्वती एका दमात चढायची नाही, आणि त्या बादलीवर आता बसायचं नाही, गुडघा सांगतोय ते ऐका. आई, तुझा चष्म्याचा नंबर तपासून घे, पुढे ढकलू नकोस.

माझा जुना ग्लव्ह गॅरेजमध्ये वरच्या फळीवर आहे. त्याला तेलाचा हात लावून, आत चेंडू ठेवून रबर बांधून ठेवाल? तुमचाही तसाच ठेवा, शेजारी.

तुमचा,
बाळू