प्लॅनिंग सीटीची तयारी न सांगता रुग्णाला परत पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक यांस,

विषय: रेडिएशनच्या प्लॅनिंग सीटीआधी न दिलेल्या सूचना आणि आज हेल्पलाइनवर मिळालेली वागणूक

महोदय,

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवरच्या बाईंनी माझं बोलणं अर्ध्यात तोडून फोन ठेवला. म्हणून आता लेखी.

माझ्या बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. वय ७१, राहणार वडसा, शुगरच्या गोळ्या चालू. प्लॅनिंग सीटीसाठी, म्हणजे रेडिएशन कुठे आणि कसं द्यायचं हे आखायच्या स्कॅनसाठी, तुमच्याकडून त्यांच्या मोबाइलवर इंग्रजीत मेसेज आला. त्यात तारीख, वेळ, मजला आणि एकच सूचना: चार तास आधीपासून काही खाऊ-पिऊ नका. त्यांनी तो मला पाठवला, मी मराठीत समजावून सांगितला आणि बाबांनी तो अक्षरशः पाळला. पहाटेच्या एसटीनं निघाले. मे महिन्यात पाण्याचा घोटही घेतला नाही. सकाळची गोळी मात्र सवयीनं घेतली. उमरेडच्या स्टँडवर लघवीला जाऊन आले. तुमच्या वेटिंगमध्ये त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा मी धावत जाऊन बिस्किटं आणली.

स्कॅन सुरू झाला आणि मध्येच थांबवला. मूत्राशय रिकामं, गुदाशय गॅसनं फुगलेलं.

तुमच्या टेक्नॉलॉजिस्टनं मला बाहेर येऊन नीट समजावलं, त्यांचे आभार. लघवीची पिशवी भरलेली असली की आतडी वर सरकतात आणि किरणांपासून लांब राहतात. गुदाशय फुगलेलं असलं तर प्रोस्टेट पुढे ढकलली जाते. डॉक्टरांनी रेडिएशनच्या २० फेऱ्या सांगितल्या आहेत आणि त्या सगळ्या या एका स्कॅनवर आखायच्या आहेत. म्हणून पोट साफ करून यायचं, इथे आल्यावर लघवी करायची, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि पाऊण तास थांबायचं. आणि उपाशी? बाबांना कॉन्ट्रास्टचं (स्कॅनमध्ये आतले भाग ठळक दिसण्यासाठीच्या औषधाचं) इंजेक्शन द्यायचंच नव्हतं, त्यामुळे उपाशी राहायची गरजच नव्हती. मेसेज दुसऱ्याच तपासणीचा होता.

हे समजवायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. म्हणजे माहिती तुमच्या इमारतीत आहे, ती फक्त रुग्णापर्यंत जात नाही.

आता आजचा फोन. नवीन तारखेसाठी मी फोन केला तर सांगण्यात आलं, स्कॅनचे पैसे पुन्हा भरावे लागतील, कारण ‘पेशंट तयारीनं आला नव्हता.’ मी म्हटलं, तयारी काय करायची हे तुम्ही सांगितलंच नाही. त्या म्हणाल्या, मेसेजमध्ये सगळं असतं. मी म्हटलं, मेसेज माझ्यासमोर आहे, वाचून दाखवते. वाचून दाखवला. पाण्याचा उल्लेख नाही, पोट साफ करण्याचा नाही. थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, “मॅडम, घरात कोणी शिकलेलं नाही का? मोठ्या माणसाला घेऊन येताना विचारून नाही घ्यावं लागत?”

माझे बाबा ३० वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पण ते निरक्षर असते तरी हा प्रश्न तितकाच अपमानाचा ठरला असता. तुमच्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, बालाघाटहून माणसं येतात. त्यातल्या कितीतरी जणांना इंग्रजी मेसेज वाचता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांनाही हेच विचारता का? आणि जे मेसेजमध्ये लिहिलेलंच नाही, ते शिकलेल्या माणसानं तरी कुठून वाचायचं? मी हेच विचारलं. “ते तुम्ही डॉक्टरांना विचारा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमचीच वेळ वाईट होती असंही नाही. बाबांच्या स्कॅनच्या दिवशीच तोंडाच्या कॅन्सरचे एक काका, रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून लावतात तो मास्क बनवायला आले होते, भरघोस दाढीसकट. जाळीची ती शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर घट्ट बसवतात. ती दाढीवरून बसवली आणि पुढे दाढी काढली, तर मास्क सैल पडतो. त्यांना दाढी करून या, असं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचा मुलगा सलून शोधत मेडिकल चौकापर्यंत गेला.

रिसेप्शनच्या मागे तुम्ही एनएबीएचचं, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाचं, प्रमाणपत्र लावलं आहे. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, ही त्या मानकांतलीच अपेक्षा आहे. रेडिएशन देणारं कोट्यवधींचं लिनॅक मशीन घेणाऱ्या संस्थेला मराठी आणि हिंदीत एक पान छापता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आम्ही मुंबईला न जाता तुमच्यावर विश्वास ठेवून इथे थांबलो होतो.

मला हवंय ते असं. दुसऱ्या स्कॅनचे पैसे घेऊ नयेत. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी माहिती असलेल्या माणसानं बाबांना मराठीत फोन करावा: पाणी किती, कधी, पोट कसं साफ ठेवायचं, शुगरची गोळी घ्यायची की नाही. कॉन्ट्रास्ट द्यायचं असेल तर क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आधी मागावा, आयत्या वेळी नाही. आणि ज्या भागाचं रेडिएशन, त्या भागाच्या सूचना मेसेजमध्ये जाव्यात. पुन्हा सांगते, पाणी प्या एवढी साधी ओळसुद्धा त्यात नव्हती.

आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हा मेसेज, पावती आणि आजच्या कॉलची नोंद घेऊन मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात तक्रार करीन. बाबांचे उपचार तोवर थांबता कामा नयेत. स्कॅनची तारीख मला उद्याच हवी आहे.

रुग्णाची मुलगी,
मानेवाडा, नागपूर